बंदूक, तिसऱ्या पक्षाला मत आणि कॉलेज फुटबॉल: लिबर्टेरियन म्हणतात ते पटतं का?

पीचट्री_पाटील (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जॉर्जियात राहतो, इथला नागरिक आहे. ऑफिसात मला डेमोक्रॅट समजतात आणि मंडळाच्या गणपतीत रिपब्लिकन. मी दोन्ही नाही. २०२२ च्या सिनेट निवडणुकीत मी चेस ऑलिव्हर या लिबर्टेरियन (सरकारनं माणसाच्या आयुष्यात कमीत कमी पडावं म्हणणारा तिसरा पक्ष) उमेदवाराला मत दिलं. समोर एकीकडे पाद्री राफाएल वॉर्नॉक होते, दुसरीकडे हर्शेल वॉकर. वॉकर यांचं मुख्य भांडवल म्हणजे १९८० च्या हंगामात जॉर्जिया विद्यापीठाला अमेरिकी फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि १९८२ ला कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी घेतली. ऑलिव्हरला दोन टक्क्यांच्या आसपास मतं पडली. पण आमच्या राज्यात ५० टक्के ओलांडल्याशिवाय कोणी जिंकत नाही, त्यामुळे ६ डिसेंबरला पुन्हा मतदान झालं. ओळखीतल्या निम्म्या लोकांनी त्या रांगेचा राग माझ्यावर काढला.

माझं म्हणणं असं आहे: सज्ञान माणसानं स्वतःच्या रक्षणासाठी काय बाळगावं, मत कोणाला द्यावं आणि अंगमेहनतीचा काय भाव घ्यावा, हे त्याचं त्यानं ठरवावं. पहिल्या दोन गोष्टींवर रोज भांडणं होतात. तिसरीकडे कोणी बघत नाही. मिशिगन, ओहायो स्टेट, टेनेसी, टेक्सास ए अँड एम इथली मैदानं एकेक लाखाच्या वर माणसं घेतात आणि दर शनिवारी भरतात. मोठ्या प्रशिक्षकाला वर्षाला एक कोटी डॉलर मिळतात. आणि ज्याचे गुडघे जातात त्या पोराला जून २०२१ पर्यंत स्वतःच्या सहीचा टीशर्ट विकायचीही बंदी होती!

डावे म्हणतात खेळाडूला पैसे द्या, पण बंदूक नको. उजवे म्हणतात बंदूक हवीच, आणि खेळाडूनं पैसे मागितले की त्यांना खेळाच्या पावित्र्याची आठवण होते. तिन्हीकडे एकच नियम लावणारे आम्ही चार टाळकी. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_खार

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. धागा कुठूनही सुरू झाला तरी गांधी-सावरकरांवर जाणार, लावा पैज.

सिंहगड_रोड

तत्त्व वगैरे ठीक आहे हो. पण १९७१ साली स्थापन झालेल्या या पक्षाची अध्यक्षीय निवडणुकीतली सर्वोत्तम कामगिरी म्हणजे २०१६ ला गॅरी जॉन्सन, साधारण ३.३ टक्के. २०२० ला १.२ आणि २०२४ ला तुमचे हेच ऑलिव्हर, ०.४ टक्के. ही तर उतरती भाजणी झाली. आमच्याकडचे अपक्ष कधीमधी अनामत तरी वाचवतात.

पीचट्री_पाटील

सिंहगड_रोड, १९७२ ला याच पक्षाला एक इलेक्टोरल मत मिळालं होतं. व्हर्जिनियाच्या एका रिपब्लिकन प्रतिनिधीनं (राज्यांचे हे प्रतिनिधीच शेवटी राष्ट्राध्यक्ष निवडतात) निक्सनना द्यायचं मत फिरवलं, आणि त्यामुळे पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन या इलेक्टोरल मत मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री ठरल्या. हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

आणि टक्क्यांचंच म्हणाल तर मे २०२४ मध्ये ट्रम्प आमच्या अधिवेशनात मतं मागायला आले होते. सभागृहानं त्यांची हुर्यो उडवली. तरीही जाताना ते शब्द देऊन गेले की रॉस उल्ब्रिक्टला सोडतो, आणि २१ जानेवारी २०२५ ला माफीवर सही केली. चिल्लर मतांच्या पक्षानं जन्मठेपेतला माणूस बाहेर काढला.

ओहायोची_आत्या

इंटरनेटवर अमली पदार्थांचा बाजार चालवणारा माणूस बाहेर काढला, असं पूर्ण वाक्य लिहा की पाटील.

ऑस्टिनकर_अण्णा

मी टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठात शिकवतो, त्यामुळे बंदूक आणि कॉलेज हे दोन्ही विषय माझ्या वर्गातच बसलेले असतात. १ ऑगस्ट २०१६ पासून आमच्याकडे परवानाधारकाला कपड्याआड पिस्तूल ठेवून वर्गात येता येतं. परवाना साधारणपणे २१ वर्षांनंतर मिळतो. तारीख बघा. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ ला, चार्ल्स व्हिटमननं ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार केला होता. त्या दिवशी काही नागरिकांनी घरातल्या, गाडीतल्या शिकारीच्या रायफली आणून खालून मनोऱ्यावर गोळ्या झाडल्या. बंदूकवाले सांगतात, त्यामुळे त्याला कठड्याआड दबून राहावं लागलं. विरोधक सांगतात, वर चढलेल्या पोलिसांच्या डोक्यावरूनही त्याच गोळ्या जात होत्या. दोन्ही खरं आहे, आणि इथला वाद तिथंच थांबलेला आहे.

कायदा आला तेव्हा ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या, २०१८ ला हरल्या. माझ्या वर्गात आजवर काही झालेलं नाही. पण गुण वाढवून मागायला आलेला पोरगा केबिनचं दार लोटून घेतो, तेव्हा मी उठून ते परत उघडतो. हे आकडेवारीत येत नाही.

आता पाटलांना प्रश्न. हा कायदा सरकारी विद्यापीठांना सक्तीचा आणि खासगींना ऐच्छिक आहे. राइस, बेलर, एसएमयू, टीसीयू सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं. मग लिबर्टेरियननं कोणाची बाजू घ्यायची, पिस्तूलवाल्याची की जागेच्या मालकाची?

नुसताच_वाचक

अण्णांच्या शेवटच्या प्रश्नाला +१.

पीचट्री_पाटील

मालकाची. यात आम्हाला काही पेच नाही. तुमच्या टेक्सासमध्येच दुकानांवर ३०.०६ ची पाटी असते ना? दंडसंहितेच्या त्या कलमाचा मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत लिहिला की पिस्तूल बाहेर. मालकाची जागा, मालकाचा नियम. (.३०-०६ हे रायफलच्या प्रसिद्ध काडतुसाचं नाव. कलमाचा आकडा हाच कसा आला, देव जाणे.)

पेच आहे तो सरकारी विद्यापीठाचा मालक कोण, याचा. आणि तिथं सगळे कायदे तडजोडीचे होतात. आमच्याकडे २०१७ च्या कायद्यानं कॅम्पसवर झाकलेलं पिस्तूल चालतं, पण वसतिगृहात आणि स्टेडियममध्ये चालत नाही. स्टेडियमच्या फाटकाबाहेर मात्र चालतं. म्हणजे जिथं लोक सकाळपासून गाडीची डिकी उघडून, शेगडी पेटवून, बिअर पीत बसलेले असतात, त्या टेलगेटिंगला चालतं. आत शिरताना पारदर्शक पिशवी तपासतात.

खवचट_खार

थोडक्यात, शुद्धीत असलेल्या प्रेक्षकांना आत नि:शस्त्र बसवतात आणि तर्र झालेल्यांवर बाहेर विश्वास टाकतात. मला हे राज्य आवडलं.

ओहायोची_आत्या

थट्टा पुरे. मी रुग्णालयात काम केलं आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते.

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं साधारण ४६ हजार ७०० माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त आत्महत्या होत्या, अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास. टीव्हीवर शाळेतला गोळीबार दिसतो, कॅम्पसवर पिस्तूल असावं की नाही यावर रात्रभर चर्चा होते, आणि हे बहुसंख्य मृत्यू कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. निवृत्त पुरुष, गावाकडची माणसं, घटस्फोट झालेले. औषधाच्या गोळ्या खाऊन आलेला माणूस आम्ही पुष्कळदा वाचवला आहे. तो नंतर घरी गेला, नातवंडं पाहिली. बंदुकीचा आमच्यापर्यंत फारसा पोचतच नव्हता.

'सज्ञान माणसाचा निर्णय' हे तुमचं सूत्र आयुष्याच्या बऱ्या दिवसांसाठी चांगलं आहे पाटील. त्या वाईट पंधरा मिनिटांत तो माणूस सज्ञान असतो का? आमच्या ओहायोत २०२२ पासून परवान्याशिवाय पिस्तूल झाकून बाळगता येतं. मला त्यातल्या स्वातंत्र्यापेक्षा ती पंधरा मिनिटं दिसतात.

पीचट्री_पाटील

आत्या, याला माझ्याकडे गोळीबंद उत्तर नाही. (शब्द चुकीचा पडला, पण राहू दे.) सरकारनं कपाटं तपासू नयेत यावर मी ठाम आहे. पण मित्र अडचणीत असताना 'तुझी रायफल महिनाभर माझ्याकडे ठेव' म्हणणं हे कुठल्याही तत्त्वात बसतं, आणि आमच्या नेमबाजीच्या क्लबात ते होतं. मात्र काही राज्यांत असं नुसतं ठेवून घेणंही हस्तांतरणाच्या नियमात अडकतं. तिथं कायदाच मदतीच्या आड येतो.

काळाकोट

हा धागा वाचून कोणी उत्साही एच-वन-बी वाला दुकानात जाण्यापूर्वी दोन ओळी. हा सल्ला नव्हे, माहिती आहे.

बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. मित्राच्या बंदुकीसोबत फोटो काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना खरेदी करता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर खोटं लिहिलं तर ते वेगळं प्रकरण होतं. त्यात गांजाचाही प्रश्न आहे. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी उत्तर संघराज्याच्या कायद्यानुसार द्यायचं. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा हंटर बायडन यांना जून २०२४ मध्ये दोषी ठरवलं ते याच फॉर्मवरच्या उत्तरासाठी. तेव्हा 'बंदुकीचा हक्क प्रत्येकाचा' म्हणणारे बरेच लोक कसे गप्प होते, ते पाटलांनी सांगावं.

नियमाला अपवाद आहेत. उदाहरणार्थ, कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर व्हिसावाल्यालाही मुभा मिळते.

सिंहगड_रोड

हरणाचा परवाना काढला की रायफल? हा चोरदरवाजा ठेवला कोणी?

काळाकोट

काँग्रेसनं. (तिकडच्या. लगेच सुरू होऊ नका.)

सिंहगड_रोड

काँग्रेस निघालीच आहे तर सांगतो. अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या पानांवर गांधीजींचं एक वाक्य फिरत असतं. इंग्रजांच्या दुष्कृत्यांत सगळ्या राष्ट्राला नि:शस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, अशा अर्थाचं. खाली हरणामागं धावणाऱ्या माणसाचं चित्र. खरं आहे का हे?

नुसताच_वाचक

वाक्य खरं आहे, पण संदर्भ कापलेला आहे. १९१८ साली गांधीजी खेड्यात (म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात) पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करत होते, तेव्हाच्या पत्रकातलं ते आहे. शस्त्रबंदी उठायला हवी असेल तर सैन्यात जा, हीच शस्त्रं शिकायची संधी, असा पुढचा युक्तिवाद. घराघरात पिस्तूल हवं असं त्यात कुठं नाही.

यापेक्षा रोचक गोष्ट १९३१ ची. काँग्रेसच्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पुढं डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. म्हणजे आपणही त्या दाराशी जाऊन परतलो आहोत.

खवचट_खार

गांधी आले, अर्धी पैज जिंकले. कराचीबद्दल मात्र खरंच धन्यवाद, हे माहीत नव्हतं.

करवीर_नेमबाज

मंडळी, बंदूक आणि कॉलेजचा खेळ म्हणताय, आणि रायफल हाच तिथं कॉलेजचा खेळ हाय हे कुणीच बोलंना! एनसीएए (कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) रायफल स्पर्धा १९८० पासनं चालू हाय. पोरं-पोरी एकाच संघात. पन्नास फुटांवर .२२ आणि दहा मीटरवर एअर रायफल. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं २०१३ ते २०१७ सलग पाच वर्षं मारली. तिथलीच जिनी थ्रॅशर, वय १९, रिओ ऑलिंपिकचं पहिलं सुवर्ण घेऊन गेली. कोळशाच्या खाणीचं, डोंगराळ, गरीब राज्य. पण शिकारीचा नाद घराघरात, आणि विद्यापीठाचा संघ तयार.

आमच्याकडं तेजस्विनी सावंत २०१० ला जागतिक विजेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात कांस्य घेतलं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडीचं पोरगं. त्याला हात दिला तो रेल्वेच्या टीसीच्या नोकरीनं. आणि पाटील, रागवू नका, पण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठबी सरकारीच हाय. म्हणजे तुमच्या स्वातंत्र्याच्या देशात आणि आमच्या परवान्याच्या देशात, नेम धरणाऱ्याला पोसलं ते सरकारनंच.

इथं आमची लई वेगळी कथा. परवान्यासाठी पोलीस चौकशी, आणि निवडणूक लागली की आचारसंहितेत शस्त्रं ठाण्यात जमा करा असा कागद येतो. खेळाडूंना सवलत मिळते, पण ती मिळवायला आधी हेलपाटे.

सिंहगड_रोड

'पोसलं ते सरकारनंच'. पाटील, हा टेन पॉइंट बसला.

लेकुरवाळी

मी न्यू जर्सीत. बंदुकीवर मत नाही. इथं आधी ओळखपत्र, मग प्रत्येक पिस्तुलाला वेगळी परवानगी, त्यामुळे शेजारी काय आहे हे निदान पोलिसांना माहीत असतं, एवढ्यावर मी झोपते. मी आले ती कॉलेजच्या खेळासाठी.

मुलगी पोहते. पहाटे साडेचारला गाडी काढायची, हे आमचं वर्षानुवर्षं चाललं आहे. पाटील म्हणतात फुटबॉलवाल्यांना बाजारभाव द्या. जरूर द्या. पण ६ जून २०२५ ला न्यायालयानं खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली, आता विद्यापीठं पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटू शकतात. तो पैसा कुठून येणार? प्रशिक्षकाचा पगार कमी होणार नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठानं मार्च २०२५ मध्ये मुलामुलींचे पोहण्याचे संघ बंद केले, तेव्हा याच तडजोडीचं कारण दिलं. शिवाय आता प्रत्येक खेळात संघात किती जण याला कमाल मर्यादा आली. शिष्यवृत्ती नसताना स्वखर्चानं संघात राहणारी पोरं पहिल्यांदा गेली.

अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातले बहुसंख्य खेळाडू या कॉलेजांतून येतात. आणि मुलींना ती जागा मिळाली ती शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे, बाजारामुळे नाही. बाजारावर सोडलं असतं तर माझी मुलगी टाळ्या वाजवायला असती.

बांधावरचा

नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आमच्या निफाडात भिंतीभिंतीवर होती. शरद जोशी हेच सांगत होते की सरकारनं सूट देऊ नये आणि लूटही करू नये. फक्त बाजूला व्हावं. १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला त्यांनी, त्याला मतं किती पडायची हे पाटलांच्या पक्षाकडं बघून आठवलं! तुमचा अमेरिकी लिबर्टेरियन आम्हाला काही परका वाटत नाही.

खेळाडूंचं वाचताना मला उसाची झोनबंदी आठवली. तुझ्या गटातला कारखाना ठरलेला, दुसऱ्यानं जास्त भाव दिला तरी तिकडं ऊस न्यायचा नाही. या पोरांचंही तसंच होतं म्हणे: कॉलेज बदललं तर वर्षभर बाकावर बसा. प्रशिक्षक मात्र रात्रीतून दुसरीकडं जाणार. हे खरं का? आणि आता तरी उठली का ती बंदी?

काळाकोट

बांधावरचा, बरोबर ओळखलंत. २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, मग डिसेंबर २०२३ मध्ये राज्यांनी केलेल्या खटल्यात न्यायालयानं नियमच रोखला आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला.

पण आता माझा मूळ धाग्याला आक्षेप. पाटील ही सगळी सरकार दूर राहण्याची गोष्ट म्हणून सांगताहेत. इतिहास बघा. १९८४ ला ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली, ती सर्वोच्च न्यायालयात, ७ विरुद्ध २. विरोधात लिहिणारे न्या. बायरन व्हाइट स्वतः कॉलेज फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू, ही त्यातली गंमत. २०१९ ला कॅलिफोर्नियानं कायदा केला की खेळाडूला नाव-छबीचे पैसे घेऊ द्या. जून २०२१ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरचा अल्स्टन खटला, ९ विरुद्ध ०. न्या. कॅव्हनॉ यांनी वेगळं मत जोडून जवळजवळ असं म्हटलं की कामगाराला पैसे न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य, असा बचाव दुसऱ्या कुठल्याही धंद्यात चालला नसता. नऊ दिवसांत एनसीएएनं हात टेकले. यातले खटले १८९० च्या मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याच्या जोरावर. लिबर्टेरियन मंडळी तर तो कायदाच रद्द करा म्हणतात. तो नसता तर पोरं आजही फुकट खेळत असती.

ऑस्टिनकर_अण्णा

काळाकोट यांना जोरदार अनुमोदन, आणि थोडं तेल ओततो. आमच्या शेजारच्या ए अँड एमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढलं आणि करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं कबूल केलं. प्रशिक्षण *न* देण्याचे. करदात्याचा पैसा नाही, देणगीदार आणि क्रीडाविभागाचा आहे असं सांगितलं गेलं. मी आमच्या विभागासाठी नवा प्रोजेक्टर मागतोय, त्याला देणगीदार मिळत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठानं (एलएसयू) प्रशिक्षक ब्रायन केली यांना काढलं, तिथंही पाच कोटींच्या वरचा करार. लुइझियानाचे गव्हर्नर लँड्री पत्रकारांसमोर येऊन म्हणाले, पुढचा प्रशिक्षक हा क्रीडासंचालक नेमणार नाही. तो क्रीडासंचालक पूर्वी ए अँड एममध्ये होता आणि फिशरना आणणारा तोच! गव्हर्नर फुटबॉलचा प्रशिक्षक ठरवतो, आणि अलाबामात फुटबॉलचा प्रशिक्षक टॉमी ट्यूबरविल सिनेटर होतो. यात बाजार कुठं आणि सरकार कुठं, हे मला वेगळं करून दाखवा.

खवचट_खार

आपल्याकडे मंत्री क्रिकेट संघटनेवर असतात, तिकडे प्रशिक्षक सिनेटवर. अवांतर संपलं.

पीचट्री_पाटील

एकेक करून. काल शनिवार होता, सामना बघत होतो, म्हणून उशीर.

काळाकोट, शर्मन कायद्यावर आमच्यातच दोन तट आहेत. माझं उत्तर असं: एनसीएए ही काही गल्लीतली दुकानदारांची संघटना नव्हती. तिचे बलाढ्य सभासद बहुतेक सरकारी विद्यापीठं. पन्नास राज्यांच्या संस्थांनी एकत्र येऊन पोरांचा भाव शून्य ठरवला. तो कट न्यायालयानं मोडला म्हणजे सरकारनं सरकारलाच आवरलं. दुसरीकडे बंदुकीतही तसंच झालं. २००८ चा हेलर खटला, २०२२ चा ब्रूएन खटला, दोन्हीकडे न्यायालयानं शहराला-राज्याला सांगितलं की मागे व्हा. हक्क राबवायला न्यायालय लागतं, हे आम्ही कधी नाकारलं नाही.

आणि 'हाउस' तडजोडीनं बाजार आला असं लेकुरवाळींनी समजू नये. २ कोटी ५ लाख ही मर्यादाच आहे. वर ६०० डॉलरच्या पुढचा बाहेरचा प्रत्येक करार एका नव्या आयोगाला दाखवायचा, तो 'योग्य भाव' आहे का ते तपासणार. बांधावरचा यांना विचारा, योग्य भाव ठरवणारी समिती म्हणजे काय असते ते.

हंटर बायडनबद्दल: आमच्यातले काही बोलले, पुरेसे बोलले नाहीत. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. १९६७ ला कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचे लोक बंदुका घेऊन सॅक्रमेंटोच्या विधानभवनात गेले, तेव्हा भरलेली बंदूक उघड्यावर नेण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही करणारा गव्हर्नर रोनाल्ड रेगन होता. २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसानं पोलिसाला स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. पोलिसानं त्याला गोळ्या घालून मारलं आणि पुढं तो पोलीस निर्दोष सुटला. बंदुकीच्या हक्काची ही परीक्षा होती, आणि मोठ्या संघटना त्या दिवशी कुजबुजत होत्या.

ओहायोची_आत्या

हा परिच्छेद मूळ धाग्यात हवा होता.

लेकुरवाळी

पाटील, भाव, कट, मर्यादा सगळं समजलं. माझा प्रश्न तसाच राहिला. फुटबॉलचा पैसा फुटबॉलवाल्यांना, मग पोहणाऱ्यांचं काय?

पीचट्री_पाटील

खरं सांगू? माझ्या मते विद्यापीठानं फुटबॉल संघ वेगळी कंपनी म्हणून काढावा, नाव आणि मैदान भाड्यानं द्यावं, खेळाडूंना पगार द्यावा. मग पोहणं, धावणं, रायफल हे पूर्वीसारखे विद्यार्थ्यांचे खेळ राहतील, जवळच्या कॉलेजांशी खेळतील. आज तुमच्या मुलीच्या संघाला कॅलिफोर्नियातून उत्तर कॅरोलिनाला विमानानं जावं लागू शकतं, कारण स्टॅनफर्ड आणि बर्कली टीव्हीच्या पैशासाठी अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले. फुटबॉलच्या सोयीसाठी जलतरणपटूचा आठवडा विमानतळावर जातो. अशी फारकत झाली तर तुमच्या मुलीचं भलं होईल. शिष्यवृत्त्या मात्र कमी होतील, ते मी लपवत नाही.

लेकुरवाळी

शिष्यवृत्ती गेली की त्या पहाटेच्या साडेचारचं काय? पटलं नाही. पण विमानतळाबद्दल १०० टक्के सहमत.

करवीर_नेमबाज

रायफल विद्यार्थ्यांची राहूद्या, पण गोळ्यांचा खर्च कोण देणार ते आधी ठरवा. .२२ ची चांगली मॅच काडतुसं फुकट येत न्हाईत.

बांधावरचा

पाटलांचं ऐकून एक लक्षात आलं. शरद जोशींनाही सगळे विचारायचे, बाजार खुला झाल्यावर लहान शेतकऱ्याचं काय. तेही असंच उत्तर द्यायचे, की आजही त्याचं काही भलं चाललेलं नाही. तर्क बिनतोड होता. मत मात्र लोक दुसऱ्यालाच द्यायचे.

नुसताच_वाचक

आता एक व्यावहारिक प्रश्न. भाचा एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर टेनिस खेळतो. त्याच्या संघातले अमेरिकी सोबती रॅकेटच्या जाहिराती करून कमावतात. त्याला कॉलेजनं सांगितलं की तू काही करू नकोस. हे बरोबर आहे का?

काळाकोट

दुर्दैवानं हो. एफ-वनवर काम करण्यावर कडक बंधनं आहेत आणि नाव-छबीचे करार बहुतेक वेळा कामात मोडतात. एकाच कोर्टावर एकाला बाजारभाव आणि दुसऱ्याला शून्य.

पीचट्री_पाटील

आणि इथं आमचा पक्षही दुभंगतो. सीमा खुल्या असाव्यात म्हणणारे आणि आधी सरकारी मदत बंद करा, मग सीमांचं बघू म्हणणारे. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

काळाकोट

जरूर काढा. तोवर नुसताच_वाचक यांनी भाच्याला सांगावं: सुट्टीत भारतात असताना, भारतातल्या कंपनीसाठी, भारतातच केलेलं काम हा वेगळा विषय आहे आणि काही परदेशी खेळाडू तो मार्ग धरतात. पण परतल्यावर इथून त्याच जाहिरातीची एक पोस्ट टाकली तरी प्रश्न निर्माण होऊ शकतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि व्हिसाच्या वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये.